देवीची लस आणि एडवर्ड जेन्नर: प्राण्याचा अंश माणसाच्या शरीरात आला, त्याची गोष्ट

घरात साठी ओलांडलेले कोणी असेल तर त्यांचा हात जरा निरखून पाहा. दंडावर किंवा कोपराच्या खाली एक गोल, चपटा वण दिसेल. तो देवीच्या लशीचा वण आहे. गुरांच्या रोगातून मिळालेला एक जिवंत विषाणू लहानपणी मुद्दाम त्यांच्या कातडीत सोडला गेला होता. त्या काळी लोक याला देवी काढणे म्हणत. आज चाळिशीत असलेल्यांच्या हातावर हा वण नाही, कारण तोवर तो रोगच जगातून गेला होता.

हे सांगण्याचे कारण अलीकडच्या बातम्या आहेत. डुकराचे मूत्रपिंड माणसाला बसवले, डुकराच्या गर्भात मानवी पेशी वाढवल्या, अशा बातम्या मोबाइलवर येतात आणि रुग्ण त्याबद्दल विचारतात. हे खरे आहे का? उद्या आमच्या माणसाला असे काही बसवले तर तो पूर्ण माणूस राहील का? हे धर्माला धरून आहे का? प्रकाशासारख्या गावात, जिथे तापी आणि गोमाईच्या संगमावर लोक आपल्या माणसांचे अंत्यविधी करायला दूरदूरहून येतात, तिथे देहाबद्दलचा प्रश्न केवळ वैद्यकीय राहत नाही.

सव्वादोनशे वर्षांपूर्वी हेच प्रश्न एका इंग्रज खेड्यातल्या डॉक्टरसमोर उभे राहिले होते. त्याचे आयुष्य समजून घेतले तर आजच्या बातम्यांतली कोणती भीती सोडून द्यायची आणि कोणता प्रश्न नक्की विचारायचा, हे ठरवणे सोपे जाईल.

आधी एक शब्द: कायमेरा

एकाच शरीरात दोन वेगवेगळ्या जीवांच्या पेशी एकत्र नांदत असतील तर त्या शरीराला कायमेरा म्हणतात. हे नाव ग्रीक पुराणातल्या सिंह, बोकड आणि साप मिळून झालेल्या प्राण्यावरून आले. आपल्याकडे नरसिंह आणि गजानन आहेत. महाराष्ट्रातल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेला शरभही आहे. मिश्र देहाची कल्पना आपल्याला नवीन नाही.

वैद्यकातला कायमेरा मात्र दिसायला साधाच असतो. पेशींची सरमिसळ शरीराच्या आत असते आणि ती तपासणीतच कळते.

अनाथ मुलगा आणि तबेल्यातले दिवस

एडवर्ड जेन्नर यांचा जन्म १७ मे १७४९ रोजी इंग्लंडमधल्या बर्कली या गावी झाला. वडील तिथल्या चर्चचे धर्मगुरू होते. नऊ भावंडांत एडवर्ड आठवा. पाच वर्षांचा असतानाच त्याचे आईवडील दोघेही वारले आणि मोठ्या भावंडांनी त्याला वाढवले.

त्या काळी देवी हा घरोघरचा शत्रू होता. लागण झालेल्या दर दहा जणांतले सुमारे तीन दगावत. जे वाचत त्यांचे चेहरे व्रणांनी भरून जात, काहींची दृष्टी जाई. यावर एकच उपाय होता. सौम्य देवी आलेल्या रुग्णाच्या फोडातला द्रव निरोगी माणसाच्या कातडीत टोचायचा. तुर्कस्तानात, चीनमध्ये, आणि भारतात बंगालसारख्या प्रांतात ही पद्धत जुनी होती. तिने बहुतेकांना सौम्य आजार होऊन आयुष्यभराचे संरक्षण मिळे. पण शंभरातले एखाददोन त्यातच मरत, आणि टोचलेला माणूस इतरांना खरीखुरी देवी देऊ शके.

आठ वर्षांच्या एडवर्डलाही असेच टोचले गेले. त्याआधी काही आठवडे त्याला अर्धपोटी ठेवले, जुलाब दिले, रक्त काढले, आणि मग इतर मुलांबरोबर तबेल्यात डांबून ठेवले. या अनुभवाचा धसका त्याच्या मनात बराच काळ राहिला. रोगापेक्षा उपाय भयंकर असू शकतो, हे त्याला लहानपणीच कळले होते.

कोंबड्याच्या तुऱ्यात माणसाचा दात

तेराव्या-चौदाव्या वर्षी जेन्नर जवळच्या गावातल्या एका शल्यवैद्याकडे उमेदवारीला लागले. १७७० साली ते लंडनला जॉन हंटर यांच्याकडे शिकायला गेले. हंटर हे त्या काळचे नावाजलेले शल्यवैद्य. नुसता तर्क करत बसू नका, करून पाहा, हा धडा त्यांनी जेन्नर यांना दिला आणि पुढे वीस वर्षे पत्रांतूनही देत राहिले.

हंटर यांच्या दोन कामांचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. त्यांनी माणसाचा ताजा काढलेला दात कोंबड्याच्या तुऱ्यात रोवला आणि तो तिथे धरला. तो नमुना आजही लंडनच्या संग्रहालयात आहे. माणूस आणि प्राणी यांच्या ऊती एकत्र जोडून पाहण्याच्या सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक. याच काळात लंडनचे श्रीमंत लोक गरीब मुलांचे दात विकत घेऊन आपल्या तोंडात बसवून घेत आणि हंटर यांनी ही पद्धत लोकप्रिय केली. त्यातून काहींना दुसऱ्याचे आजार लागले. ज्यांचे दात गेले त्या मुलांचे कायमचे नुकसान झाले.

दुसरे काम गुरांवरचे. तुमच्याकडे गुरे असतील तर हे तुम्ही पाहिले असेल. गाय जुळी व्याली आणि त्यात एक गोऱ्हा व एक कालवड असेल, तर ती कालवड बहुधा कधीच गाभण राहत नाही. हंटर यांनी १७७९ साली अशा कालवडींवर निबंध लिहिला. कारण कळायला मात्र शंभराहून अधिक वर्षे लागली. गर्भात असताना दोघांचे रक्त एकमेकांत मिसळते. १९४५ साली अमेरिकेतल्या रे ओवेन यांनी दाखवले की जुळ्या वासरांच्या अंगात मोठे झाल्यावरही एकमेकांच्या रक्तपेशी असतात. म्हणजे ही वासरे निसर्गानेच घडवलेली कायमेरा असतात. या निरीक्षणाच्या आधारे पीटर मेडावार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परक्या ऊती शरीर कधी स्वीकारते हे शोधले. १९६० साली मेडावार यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. आजचे अवयवरोपण या समजुतीवर उभे आहे.

खेड्यातला डॉक्टर

कॅप्टन कुक यांच्या दुसऱ्या सफरीवर जाण्याची संधी जेन्नर यांना आली होती. ती नाकारून ते बर्कलीला परतले आणि घोड्यावरून खेडोपाडी फिरत रुग्ण पाहू लागले. मोकळ्या वेळात ते पक्षी पाहत. कोकिळेच्या कुळातला कुक्कू दुसऱ्या पक्ष्याच्या घरट्यात अंडे घालतो. त्या घरट्यातली मूळ पिल्ले नाहीशी कशी होतात, हे जेन्नर यांनी दाखवले. नुकते जन्मलेले कुक्कूचे पिल्लूच ती पाठीवर घेऊन बाहेर ढकलते. अनेकांना हे खोटे वाटले. पुढे छायाचित्रांनी ते खरे ठरवले. या कामासाठी १७८९ साली त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले.

त्या भागात एक जुनी समजूत होती. गायींच्या सडांवर कधी कधी फोड येतात. दूध काढणाऱ्या बायकांच्या हातांना ते लागतात आणि काही दिवसांत बरे होतात. अशा बायकांना पुढे देवी येत नाहीत. मराठीत या रोगाला गोस्तन देवी म्हणतात. या समजुतीवर कृती करणारे जेन्नर पहिले नव्हते. बेंजामिन जेस्टी नावाच्या शेतकऱ्याने १७७४ सालीच आपल्या बायकोला आणि दोन मुलांना गायीच्या फोडातला द्रव टोचला होता. जेन्नर यांनी त्यापुढे जाऊन नोंदी ठेवल्या, पडताळा पाहिला आणि सगळे छापून लोकांसमोर ठेवले.

१४ मे १७९६

ब्लॉसम नावाच्या गायीमुळे सारा नेल्म्स या दूध काढणाऱ्या तरुणीच्या हातावर फोड आले होते. १४ मे १७९६ रोजी जेन्नर यांनी त्यातला द्रव घेतला आणि जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावर दोन बारीक छेद देऊन त्यात सोडला. आठवड्याभराने मुलाला काखेत दुखले, नवव्या दिवशी थोडी थंडी वाजली, भूक गेली. दुसऱ्या दिवशी तो ठणठणीत होता.

१ जुलैला जेन्नर यांनी त्याच मुलाला खऱ्या देवीचा द्रव टोचला. देवी आल्या नाहीत. नंतरही अनेकदा टोचून पाहिले, तेव्हाही काही झाले नाही.

इथे तुम्ही थांबून विचार करावा असे मला वाटते. जेम्स हा एका गरीब मजुराचा मुलगा होता. त्याचे वडील जेन्नर यांच्या बागेत काम करत. मालकाने विचारल्यावर अशा बापाला नाही म्हणणे कितपत शक्य होते? त्या काळी देवीचा द्रव टोचणे हा रूढ उपाय होता, त्यामुळे पडताळ्याची पायरी त्या वेळच्या लोकांना आजच्याइतकी धक्कादायक वाटली नसेल. तरीही धोका मुलाने घेतला आणि नाव डॉक्टरचे झाले.

जेन्नर यांनी स्वतःच्या घरालाही यातून वगळले नव्हते. १७८९ साली त्यांनी आपल्या तान्ह्या मुलाला, एडवर्डला, डुकरांच्या देवीचा समजल्या जाणाऱ्या रोगाचा द्रव टोचला होता. १७९८ साली धाकट्या रॉबर्टलाही गोस्तन देवी टोचली, पण ती धरली नाही. त्याच वर्षी जॉन बेकर या पाच वर्षांच्या मुलाला त्यांनी घोड्यापासून माणसाला लागलेल्या फोडाचा द्रव टोचला. त्या मुलाला नंतर गरीबखान्यात ताप आला आणि तो वारला. त्याच्यावर देवीचा पडताळा कधी झाला नाही. लशीच्या इतिहासात जेम्स फिप्सचे नाव सगळे घेतात. जॉन बेकरचे नावही तितकेच लक्षात ठेवायला हवे.

शिंगे फुटतील ही भीती

रॉयल सोसायटीने जेन्नर यांचा पहिला निबंध छापला नाही. मग १७९८ साली त्यांनी २३ उदाहरणे देऊन स्वतःच्या खर्चाने पुस्तिका काढली. गायीच्या लॅटिन नावावरून व्हॅक्सिन हा शब्द रूढ झाला. आपला लस हा शब्द फोडातून किंवा जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावरून आला आहे. म्हणजे दोन्ही भाषांनी या उपायाचे मूळ लपवले नाही.

लंडनमध्ये खळबळ उडाली. बेंजामिन मोझली या डॉक्टरने जनावराचा रोग माणसात घातला तर मनावर आणि शरीरावर काय परिणाम होतील याची भीती घातली. विल्यम रोली या दुसऱ्या डॉक्टरने बैलासारखा चेहरा झालेल्या मुलाचे चित्र छापले. १८०२ साली जेम्स गिलरे यांनी काढलेले व्यंगचित्र तर आजही प्रसिद्ध आहे. त्यात लस घेतलेल्या माणसांच्या नाकातून, दंडातून, कानातून छोट्या छोट्या गायी बाहेर पडताना दिसतात.

आज आपल्याला हसू येते. कोणालाही शिंगे फुटली नाहीत. विषाणू कातडीत थोडे दिवस वाढला, शरीराने त्याला ओळखले आणि लढाई लक्षात ठेवली, एवढेच झाले. पण विरोधकांचे सगळेच मुद्दे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. एका शरीरातला द्रव दुसऱ्यात घातला तर सोबत आणखी कोणता रोग जाईल, हा प्रश्न योग्य होता. संरक्षण आयुष्यभर टिकेल असे जेन्नर मानत होते, तेही पुढे चुकीचे निघाले आणि लस पुन्हा टोचावी लागे.

मुंबईतली तीन वर्षांची मुलगी

लस भारतात आणणे सोपे नव्हते. शीतपेट्या नव्हत्या, आणि वाळवलेला द्रव महिनोन्महिन्यांच्या समुद्रप्रवासात निकामी होई. मग वेगळा मार्ग निघाला. एका मुलाच्या हातावरचा फोड पिकला की त्यातला द्रव पुढच्या मुलाला टोचायचा आणि अशी जिवंत साखळी पुढे नेत राहायची. व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा असा प्रवास करत लस जहाजाने मुंबईला पोहोचली.

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली आणि धरली. भारतात लस घेतलेली ही पहिली व्यक्ती. एका नोकराची ती मुलगी. तिच्या हातावरच्या फोडातून मुंबईतल्या इतर मुलांना लस मिळाली आणि तिथून ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास, कलकत्ता अशी देशभर गेली. डॉक्टरांच्या नोंदीत ती शांत स्वभावाची होती असे लिहिले आहे. याखेरीज तिच्याबद्दल जवळपास काहीच उरलेले नाही.

स्पेनने १८०३ साली अमेरिकेतल्या वसाहतींकडे लस पाठवली, तेव्हा जहाजावर साखळी टिकवायला २२ अनाथ मुले घेतली होती. सगळीकडे चित्र सारखेच दिसते. उपाय सर्वांच्या भल्याचा होता, पण त्यासाठी हात पुढे करावा लागला तो मजुराच्या, नोकराच्या आणि अनाथाच्या मुलांना.

शेवटची वर्षे

जेन्नर यांनी लशीचे गुपित ठेवले नाही. घराच्या बागेतल्या एका झोपडीत ते गरिबांना फुकट लस टोचत. पत्रव्यवहार आणि प्रचार यांत त्यांची वैद्यकी मागे पडली. ब्रिटिश संसदेने त्यांना १८०२ साली १०,००० आणि १८०७ साली २०,००० पौंड दिले. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून मिळून सात हजार पौंडांहून अधिक वर्गणी त्यांच्याकडे गेली.

जेम्स फिप्सला त्यांनी पुढे राहायला घर दिले. घरच्या आघाडीवर मात्र क्षयाने त्यांना सोडले नाही. थोरला मुलगा एडवर्ड १८१० साली आणि पत्नी कॅथरीन १८१५ साली क्षयाने गेली. पक्षाघाताच्या झटक्यानंतर २६ जानेवारी १८२३ रोजी जेन्नर वारले. त्यांच्या अंत्ययात्रेला जेम्स फिप्स हजर होता.

त्यांच्यानंतर काय झाले

हातातून हातात लस देण्याचा धोका पुढे उघड झाला. इटलीतल्या रिवाल्टा गावी १८६१ साली अशा लशीतून अनेक मुलांना उपदंश म्हणजे सिफिलिस झाला. मग वासरांच्या कातडीवर लस वाढवण्याची पद्धत रूढ झाली. मुंबईत १८७७ च्या कायद्याने लस सक्तीची झाली. सक्तीमुळे लस पोहोचली, तसा लोकांच्या मनात रागही साठला.

भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने देवी जगातून गेल्याचे जाहीर केले. विसाव्या शतकात या रोगाने सुमारे ३० कोटी माणसे मारली होती.

आजच्या बातम्या नेमक्या काय आहेत?

बातम्यांत तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

१. प्राण्यापासून मिळालेले पदार्थ आणि ऊती. हे तुमच्या आमच्या वापरात आहेतच. सर्पदंशावरचे प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून बनते. मुंबईच्या हाफकिनने ते वर्षानुवर्षे बनवले. रक्त पातळ ठेवणारे हेपॅरिन डुकराच्या आतड्यांपासून मिळते. हृदयाच्या काही झडपा डुकराच्या किंवा गायीच्या ऊतीपासून बनवतात, पण त्यांवर प्रक्रिया केलेली असते, त्यांत जिवंत पेशी नसतात.

२. प्राण्याचा जिवंत अवयव माणसात. जनुके बदललेल्या डुकराचे हृदय जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत ५७ वर्षांच्या रुग्णाला बसवले. तो सुमारे दोन महिने जगला. त्याच्या शरीरात डुकराचा एक विषाणू सापडला. मार्च २०२४ मध्ये बॉस्टनला एका रुग्णाला डुकराचे मूत्रपिंड बसवले. तोही सुमारे दोन महिन्यांनी वारला, पण मृत्यू मूत्रपिंडामुळे झाल्याचे दिसले नाही, असे रुग्णालयाने सांगितले. हे उपचार अजून प्रायोगिक आहेत.

३. माणूस आणि प्राणी यांच्या पेशींचा कायमेरा. इथे प्राण्याच्या अगदी सुरुवातीच्या गर्भात मानवी मूलपेशी सोडतात. २०१७ साली डुकराच्या गर्भांत हे करून पाहिले, तेव्हा सुमारे एक लाख पेशींत एक मानवी पेशी टिकली. २०२१ साली माकडाच्या गर्भपेशींत मानवी पेशी घालून त्या प्रयोगशाळेतल्या भांड्यात जास्तीत जास्त वीस दिवस वाढवल्या. २०२३ साली चीनमधल्या शास्त्रज्ञांनी डुकराच्या गर्भात निम्म्याहून अधिक मानवी पेशी असलेली मूत्रपिंडाची सुरुवातीची रचना वाढवली आणि २८ दिवसांच्या आत प्रयोग थांबवला. असा कोणताही अवयव आजवर कोणा रुग्णाला बसवलेला नाही.

उपयोगाची आशा मात्र खरी आहे. २०१७ साली उंदराचे स्वादुपिंड घुशीसारख्या मोठ्या उंदराच्या शरीरात वाढवले. त्यातल्या पेशी मधुमेही उंदरांत घातल्यावर त्यांची साखर वर्षभराहून अधिक काळ ताब्यात राहिली. रुग्णाच्याच पेशींचा अवयव वाढवता आला तर दात्याची वाट पाहणे कमी होईल. एचआयव्ही आणि कर्करोगाच्या औषधांच्या चाचण्यांसाठी मानवी पेशी असलेले उंदीर आजही वापरतात.

जेन्नर यांच्या आयुष्यावरून कोणते प्रश्न विचारायचे?

डुकराच्या पेशी आल्या की माणूस डुकरासारखा होईल, ही गिलरे यांच्या चित्रातली भीती आहे. ती सोडून द्या. स्वभाव, आठवणी, नाती मूत्रपिंडात नसतात. पुढचे प्रश्न मात्र खरे आहेत.

- संमती कोणाची? फिप्स, बेकर आणि ॲना यांच्याकडे नाही म्हणण्याची ताकद नव्हती. गरिबी आणि आजारपण यांत आजही ती कमी असते.
- सोबत कोणता रोग येईल? रिवाल्टाची मुले आणि २०२२ चा रुग्ण, दोघेही हाच इशारा देतात. नवा विषाणू रुग्णापुरता न राहता कुटुंबात आणि समाजात पसरू शकतो.
- प्राण्याचे काय? मानवी पेशी त्याच्या मेंदूत किंवा प्रजनन अवयवांत गेल्या तर? त्याला होणारी वेदना किती? वैज्ञानिकांतही यावर एकमत नाही. भारताच्या २०१७ च्या मूलपेशी संशोधन मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा संशोधनावर कडक निर्बंध आहेत. मानवी मूलपेशी घातलेल्या प्राण्यांचे प्रजनन करण्यास मनाई आहे.
- फायदा कोणाला? धोका गरिबाने घ्यायचा आणि अवयव श्रीमंताला मिळायचा, असे होऊ नये. जेन्नर यांची एक गोष्ट इथे अनुकरणीय आहे. त्यांनी आपला शोध सर्वांसाठी खुला ठेवला.

तुमच्यासाठी कामाच्या गोष्टी

नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. काही निवडक रुग्णांत जुळणाऱ्या भावंडाचा अस्थिमज्जा घेऊन रोपण करतात. त्यानंतर कायमेरिझम नावाची रक्ततपासणी होते. रुग्णाच्या रक्तात किती पेशी दात्याच्या आणि किती स्वतःच्या, हे त्यात कळते. दोन्ही प्रकारच्या पेशी असल्या तरी रोग आटोक्यात राहू शकतो. म्हणजे असा रुग्ण वैद्यकीय अर्थाने कायमेरा असतो. रिपोर्टवर हा शब्द दिसला तर घाबरू नका.

हृदयाची झडप बसवायची असेल तर ती कशाची आहे, हे आधी विचारा. धार्मिक कारणाने प्राण्याची झडप नको असेल तर तसे स्पष्ट सांगा. धातू-कार्बनच्या झडपेचा पर्यायही असतो, पण तिच्यासोबत रक्त पातळ ठेवणारे औषध कायम घ्यावे लागते. साप चावल्यावर मात्र विचार करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. तिथे घोड्यापासून बनलेले प्रतिविषच जीव वाचवते.

मधुमेह, पक्षाघात, गुडघेदुखी, मुलांमधली स्वमग्नता यांवर मूलपेशींचा खात्रीचा इलाज म्हणून कोणी लाखो रुपये मागत असेल तर पैसे देऊ नका. मूलपेशींचा मान्य उपचार मुख्यतः रक्ताच्या काही आजारांपुरता आहे.

एखाद्या नव्या उपचाराच्या चाचणीत सहभागी व्हायला सांगितले तर सही करण्यापूर्वी हे विचारा:

- ही चाचणी सरकारी नोंदणीत आहे का? नोंदणी क्रमांक काय?
- कोणत्या नीती समितीने परवानगी दिली? संमतीपत्र मला समजेल अशा भाषेत आहे का?
- मला पैसे द्यावे लागतील का? चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेणे योग्य नाही.
- इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देईल? २०१९ च्या औषध चाचणी नियमांनुसार हा तुमचा हक्क आहे.
- मी मध्येच बाहेर पडलो तर माझे नेहमीचे उपचार चालू राहतील का?

उत्तरे लेखी घ्या, घरच्यांशी बोला, आणि हवा तितका वेळ मागा. चांगला संशोधक तुम्हाला घाई करणार नाही. मनात शंका राहिली तर ते संमतीपत्र तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि वाचून घ्या. नाही म्हणालात तरी तुमचा इतर उपचार थांबवण्याचा अधिकार कोणाला नाही.